एकदाच भरलेली जत्रा

दीर्घायुषी स्पर्धांची चरित्रे लिहिणारे पुष्कळ आहेत. अल्पायुषी स्पर्धांच्या वाट्याला सहसा कोणी चरित्रकार येत नाही. २००८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात ७ ते १० तारखांना दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर ‘इंडियन मास्टर्स’ नावाची धंदेवाईक गोल्फपटूंची एक स्पर्धा भरली. चार दिवस चालली, संपली, आणि पुन्हा कधीही भरली नाही. चार दिवसांच्या आयुष्याचा इतिहास तो काय लिहावयाचा, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या चार दिवसांत आपल्या देशाचा पैसा, जमीन आणि जातीने मिळालेला व जिद्दीने मिळवलेला मान, या सर्वांची अशी काही गाठ पडली की, तो इतिहास लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या टापूत गोल्फ खेळणारा माणूस शोधून काढावा लागेल. तेव्हा खेळाचे दोन शब्द आधी सांगणे बरे. गोट्यांच्या खेळात जशी गल असते, तसे या खेळात मैदानभर विखुरलेले अठरा खळगे असतात. प्रत्येक खळग्यापासून शेकडो यार्ड दूर उभे राहून काठीच्या टोल्यांनी चेंडू त्यात घालावयाचा. एका फेरीला बहुधा ७२ टोले ही चांगल्या खेळाडूची मर्यादा धरतात. जो कमी टोल्यांत फेरी पुरी करील तो श्रेष्ठ. धंदेवाईकांच्या स्पर्धेत अशा चार फेऱ्या चार दिवसांत होतात. दोन दिवसांनंतर गाळणी लागते, आणि जो गाळला गेला तो रिकाम्या हाताने घरी जातो. हौशी खेळाडू हरला तर क्लबात बसून हसतो. धंदेवाईक हरला तर त्याची गाडीभाड्याची पंचाईत होते. हा भेद पुढील कथेत महत्त्वाचा आहे.

इंग्रजांनी हा खेळ आपल्याकडे फार लवकर आणला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेर जगात याहून जुना क्लब नाही. मुंबईत १८४२ साली तसाच क्लब निघाला. कलकत्त्याच्या क्लबाला १९११ साली ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. १८९२ पासून तेथे हौशी खेळाडूंची अखिल भारतीय स्पर्धा सुरू झाली. खेळणारे साहेब, आणि नंतर साहेबांच्या पंगतीला बसू लागलेले आपले संस्थानिक, बॅरिस्टर व कारखानदार. मैदानावर दुसराही एक वर्ग होता. साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्यावरून वाहणारे कॅडी, चेंडू कोठे पडला हे पाहण्यासाठी पुढे धावणारे आगेवाले, आणि हिरवळ कापणारे, पाणी घालणारे माळी. यांना खेळावयाचा अधिकार नव्हता, पाहण्याचा मात्र होता. कारण पाहणे हेच त्यांचे काम होते. पन्नास साहेबांचे टोले वर्षानुवर्षे पाहिलेल्या पोराला कोणता टोला का चुकला हे साहेबापेक्षा अधिक कळू लागावे, यात नवल नाही. भारतातील धंदेवाईक गोल्फ मोठ्या प्रमाणावर या पोरांतून उभे राहिले.

पुढे भारतीय गोल्फ संघटना १९५५ साली स्थापन झाली आणि १९६४ साली ‘इंडियन ओपन’ ही स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच वर्षी ती ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने जिंकली. दुसऱ्या वर्षी पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने ती भारताकडे आणली. परंतु पहिल्या भारतीय धंदेवाईकाला ती जिंकण्यास १९९१ साल उजाडावे लागले. तो अली शेर. आणि हा अली शेर दिल्ली गोल्फ क्लबावरच कॅडी म्हणून वाढलेला होता. ज्या मैदानावर लोकांच्या पिशव्या वाहिल्या, त्याच मैदानावर त्याने देशाची स्पर्धा जिंकली. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकून पहिला विजय हा अपघात नव्हता हे दाखवून दिले.

आता मूळ कथेकडे वळू. २००६ ते २००८ हा काळ आठवून पाहावा. शेअर बाजाराचा निर्देशांक २००८ च्या जानेवारीत २१,००० वर गेला होता. जमिनीला सोन्याचा भाव आला होता. अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाला हे सांगावयास नको. भाताच्या खाचरांच्या जागी सात-सात मजले उभे राहताना त्याने डोळ्यांनी पाहिले आहेत. दिल्लीच्या बाजूस हा व्यवहार याच्या शेकडोपट मोठा होता. दुबईची ‘एमार’ आणि दिल्लीची ‘एमजीएफ’ या दोन कंपन्यांनी मिळून घरबांधणीचा मोठा व्याप मांडला होता. युरोपच्या धंदेवाईक दौऱ्यातील एक स्पर्धा भारतात भरवावी आणि तिला आपले नाव द्यावे, असे या मंडळींनी ठरवले. युरोपीय दौरा भारतात प्रथमच येत होता. बक्षिसांची एकूण रक्कम २५ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने अदमासे दहा कोटी रुपये. जमिनी विकणाऱ्यांना गोल्फचे एवढे प्रेम का, याचे उत्तर सोपे आहे. गोल्फ हा मुळातच मोकळ्या जमिनीच्या चैनीचा खेळ आहे, आणि ज्याला महाग घर विकावयाचे त्याला ती चैन दाखवावी लागते.

याच सुमारास कंपनीने सुमारे ७,००० कोटी रुपयांचे समभाग बाजारात विक्रीस काढले होते. परंतु २१ जानेवारीस बाजार एका दिवसात १,४०० अंशांहून अधिक कोसळला आणि गुंतवणूक करणारे हात आखडले गेले. १ फेब्रुवारीस विक्री उघडली. गिऱ्हाईक येईना, म्हणून किंमत खाली आणली, मुदत वाढवली, तरीही भागेना. अखेर ८ फेब्रुवारीस ती विक्री मागे घेण्यात आली. ८ फेब्रुवारी म्हणजे स्पर्धेचा दुसरा दिवस! मैदानावर फलकांवरून कंपनीचे नाव झळकत होते, आणि त्याच दिवशी तिच्या समभागांना बाजाराने पाठ दाखवली होती. कादंबरीत असा योग घातला तर टीकाकार त्याला ओढूनताणून आणलेला म्हणतील.

मैदानावर मात्र वेगळेच नाट्य रंगत होते. दिल्लीचे हे मैदान विलक्षण आहे. सुलतानी-मोगली अमदानीतील जुने घुमट त्यात उभे आहेत, मोर हिंडत असतात, आणि खेळाचे पट्टे इतके अरुंद की, चेंडू जरा वाकडा गेला तर काटेरी झुडुपांत नाहीसा झालाच म्हणून समजावे. तेथे लांब टोला मारणाऱ्या पहिलवानापेक्षा सरळ टोला मारणारा संयमी माणूस बरा ठरतो. असा एक माणूस कलकत्त्याहून आला होता. नाव शिवशंकर प्रसाद चौरसिया. वय तीस वर्षांच्या आत. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबावर माळी. मुलगा त्या हिरवळीच्या कडेला वाढला आणि दहा वर्षांचा असल्यापासून पाहून पाहून खेळ शिकला. त्याला कोणी रीतसर गुरू नव्हता. १९९७ साली तो धंदेवाईक झाला. अंगकाठी लहान, टोला आखूड. परंतु खळग्याजवळची कारागिरी अशी की, सोबत्यांनी त्याच्या आडनावाची मोडतोड करून त्या कसबावरूनच त्याला टोपणनाव ठेवले होते. हिरवळीवर चेंडू कसा घरंगळतो, दव पडल्यावर गवत कसे वागते, हे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळाले नव्हते. ते घरच्या धंद्यातून आले होते.

शेवटच्या दिवशी त्याने ६७ टोल्यांत फेरी पुरी केली. चार दिवसांची मर्यादा २८८. त्याचे टोले झाले २७९. आयर्लंडचा डेमियन मॅकग्रेन दोन टोल्यांनी मागे राहिला. माळ्याच्या मुलाला चार लाखांहून अधिक डॉलर मिळाले. परंतु पैशाहून मोठी गोष्ट निराळीच होती. या विजयाने त्याला युरोपीय दौऱ्यावर खेळण्याचा हक्क मिळाला. अर्जुन अटवाल आणि जीव मिल्खा सिंग यांच्यानंतर त्या दौऱ्यावर जिंकणारा तो तिसरा भारतीय होय. अटवाल सुखवस्तू घरातला, जीव तर मिल्खा सिंगांचा मुलगा. चौरसिया मैदानाच्या पलीकडच्या बाजूने आला होता.

स्पर्धा २००९ साली पुन्हा भरावयाची होती. परंतु २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली, जगभर पैशाचे झरे आटले, आणि वर्षाअखेर आपला निर्देशांक १०,००० च्या खाली उतरला. प्रायोजकाने अंग काढून घेतले आणि ‘इंडियन मास्टर्स’ रद्द झाली ती कायमचीच. ती एकटी गेली नाही. तिच्यानंतर तीन आठवड्यांनी गुडगावला भरलेली ‘जॉनी वॉकर क्लासिक’ ही १९९० पासून चालत आलेली स्पर्धाही २००९ नंतर बंद पडली. पुढे २०१० मध्ये ‘अवंता मास्टर्स’ आली. तीही २०१३ नंतर थांबली.

याउलट १९६४ ची ‘इंडियन ओपन’ आजवर टिकली आहे. तिच्या नावापुढची प्रायोजकांची नावे बदलली. महामारीमुळे २०२० पासून तीन वर्षे तिला खंड पडला, तरी २०२३ साली ती पुन्हा भरली. हा फरक समजावून घेण्यास अंबरनाथच्या महाशिवरात्रीच्या जत्रेसारखा दृष्टांत नाही. शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे ते शिवालय. त्याच्या जत्रेत पाळणेवाले बदलतात, मिठाईची दुकाने बदलतात, एखाद्या वर्षी पाऊस वा साथ आडवी येते. पण जत्रा देवाची असल्यामुळे ती पुन्हा भरते. जी जत्रा दुकानदारानेच भरवली, ती दुकान उठले की उठली. ‘इंडियन ओपन’मागे संघटना होती, तिच्या परंपरेवर लोकांचा हक्क होता. ‘इंडियन मास्टर्स’च्या मागे एकच थैली होती. त्या थैलीला दोष देण्याचे कारण नाही. थैलीने आपले काम केले. दोष असलाच तर असा की, खेळ चालवणाऱ्यांनी थैलीलाच पाया समजावे.

आणि तरीही ती स्पर्धा व्यर्थ गेली असे मला म्हणवत नाही. चौरसियाने २०११ साली ‘अवंता मास्टर्स’ जिंकली. ‘इंडियन ओपन’मध्ये अनेकदा दुसरा राहिलेल्या या खेळाडूने २०१६ आणि २०१७ साली ती लागोपाठ जिंकली, त्यांतील पहिला विजय दिल्लीच्या त्याच अरुंद मैदानावर. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तो भारतातर्फे उतरला. २०१७ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. या सगळ्याचे पहिले दार त्या चार दिवसांत उघडले होते. दार बांधणाऱ्यांचा हेतू निराळा होता आणि त्यांनी ते लवकर मोडूनही टाकले. पण आत गेलेला माणूस आतच राहिला.

मात्र यावरून एकदा उघडलेले दार पुरेसे असते असा बोध कोणी काढू नये. चौरसियाला ते दार ऐन वयात, ओळखीच्या मैदानावर आणि हातात खेळ असताना सापडले. २००९ मध्ये जो कोणी कॅडी वा माळ्याचा पोर तयार होऊन उभा होता, त्याच्यासमोर ते दार नव्हते. बंद पडलेल्या स्पर्धेचे खरे नुकसान मोजता येत नाही ते यामुळेच. जे जिंकले त्यांची नोंद होते. ज्यांना खेळावयासच मिळाले नाही त्यांची नोंद कोणत्याही वहीत नसते. ‘इंडियन मास्टर्स’च्या विजेत्यांच्या यादीत एकच नाव आहे, आणि ते एका माळ्याच्या मुलाचे आहे.