दाटीसंकेत (धान्यकिडींतील)

एकाच अन्नावर जीवांची गर्दी झाली, की त्यांच्या अंगातून स्रवणाऱ्या रसायनांवरून ती एकमेकांना कळते आणि खाणे, अंडी घालणे, जागा सोडणे यांत बदल होतो. अशा रसायनांना दाटीसंकेत म्हणता येईल. ज्वारी-तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या लागणाऱ्या बार्शीसारख्या (जि. सोलापूर) भुसार बाजाराच्या गावी ही रसायने थेट धान्याच्या प्रतीशी भिडतात.

सर्वाधिक अभ्यास झाला तो पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याचा (ट्रायबोलियम कॅस्टेनियम). लांबी ३ ते ४ मि.मी. अखंड दाणा त्याला सहसा फोडता येत नाही. चुरी, कणी, पीठ आणि इतर किडींनी पोखरलेले दाणे यांवर तो जगतो. खाता खाता नर ४,८-डायमिथिलडेकॅनल हे गंधद्रव्य सोडतो. त्या वासावर नर आणि माद्या दोन्ही गोळा होतात. गर्दी वाढली, की ग्रंथींतून आलेली बेंझोक्विनोने पिठात साचतात. पीठ गुलाबीसर पडते, त्याला उग्र वास येतो. अशा पिठात माद्या अंडी कमी घालतात, अळ्यांची वाढ रेंगाळते. दाटीत प्रौढ आणि अळ्या स्वजातीची अंडी व कोषही खातात. मात्र त्याचे सगळे श्रेय वासाला देऊ नये, गर्दीत अंडी वारंवार तोंडापुढे येतात हेही कारण आहेच. घरोघरी असे पीठ चाळून वापरले जाते. चाळणीने भुंगेरे निघतात, क्विनोने पिठातच राहतात.

दाटीत स्वजातीला खाण्याबाबत टोळांत याच्या उलट घडते. स्थलांतरी टोळ दाटीत फेनिलॲसिटोनायट्राइल सोडतात आणि त्यामुळे सोबतचे टोळ त्यांना खायचे टाळतात, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

तुरीतल्या भुंगेऱ्याची (कॅलोसोब्रुकस) गोष्ट निराळी. प्रौढ भुंगेरा साठवणीत खात नाही. अळी दाण्याच्या पोटात वाढते. त्यामुळे तिचे अन्न ठरते ते आईने निवडलेल्या दाण्यावरून. मादी अंड्यासोबत दाण्यावर रासायनिक खूण ठेवते. मागून येणारी मादी ती ओळखून मोकळा दाणा शोधते. तुरीवरचे पांढरे ठिपके म्हणजे ही अंडी. कीड नवी असताना ते बहुधा दाण्यागणिक एकेकच दिसतात. एका दाण्यावर तीन-चार ठिपके दिसू लागले, तर त्या पोत्यात मोकळे दाणे फारसे उरलेले नाहीत.