साठ दिवसांची बंदी, दोन वर्षांची परवानगी

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल: कीटकनाशकांना घाईघाईने दिली जाणारी मंजुरी आणि तिचे नियम. पण ज्यांच्या घरात कापूस, मका किंवा द्राक्षं आहेत त्यांना ‘लेबल क्लेम’ हा शब्द नवा नाही. कोणतं औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी मारायचं हे त्या डब्यावर लिहिलेलं असतं. ते लिहिण्याचा अधिकार कोणाला, आणि संकटाच्या वेळी तो कसा वापरला जातो, हे आज पाहू.

सुरुवात १९५८ सालापासून करावी लागते. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात माणसं अचानक उलट्या, घाम, आचके येऊन दगावू लागली. मृतांची संख्या शंभरावर गेली. कारण निघालं गव्हाच्या पिठात. पिठाची पोती आणि ‘फॉलिडॉल’ या नावाने विकलं जाणारं पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक एकाच जहाजातून आलं होतं. डबे गळले, विष पोत्यांत झिरपलं आणि त्याच पिठाचे पदार्थ लोकांनी खाल्ले.

तेव्हा देशात कीटकनाशकांसाठी वेगळा केंद्रीय कायदाच नव्हता. १९१४ चा एक कायदा होता, पण त्याचं लक्ष परदेशातून येणाऱ्या किडी आणि रोगांवर होतं. किडी मारणाऱ्या रसायनांचा त्यात विचार नव्हता. डीडीटी मलेरियासाठी आणि बीएचसी टोळांसाठी १९४८-४९ च्या सुमारास आयात होऊ लागलं. १९५२ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा इथे बीएचसीचा कारखानाही सुरू झाला. माल आला, कारखाने आले, नियम मात्र मागे राहिले.

केरळच्या घटनेनंतर केंद्राने चौकशी आयोग नेमला. त्याचे प्रमुख होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा. हे नाव ओळखीचं वाटतंय ना? पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले आणि १९७७ मध्ये आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणारा शहा आयोग त्यांच्याच नावाने ओळखला गेला. म्हणजे विषाच्या आणीबाणीचा तपास त्यांनी राजकीय आणीबाणीच्या जवळजवळ वीस वर्षं आधी केला होता.

कायदा यायला मात्र दहा वर्षं लागली. कीटकनाशक कायदा १९६८ मध्ये संमत झाला आणि ऑगस्ट १९७१ मध्ये अमलात आला. त्याने केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती अशा दोन संस्था उभ्या केल्या. समितीचं काम असं: उत्पादक जो दावा करतो तो खरा आहे का, औषध गुणकारी आहे का, माणसांना आणि जनावरांना सुरक्षित आहे का, हे पाहून मगच नोंदणी द्यायची. त्यासाठी बारा महिन्यांची मुदत, फार तर आणखी सहा महिने.

आता खरी मेख. संकट आलं तर काय? या कायद्यात संकटासाठी थांबवण्याची सोय स्पष्ट शब्दांत आहे. कलम २७ नुसार एखाद्या औषधाने धोका होतोय असं दिसलं, तर केंद्र किंवा राज्य सरकार ताबडतोब त्याची विक्री आणि वापर थांबवू शकतं. पण किती दिवस? जास्तीत जास्त साठ. तपास अपुरा राहिला तर आणखी तीस. त्यानंतर नोंदणी रद्द करायची की नाही, हे केंद्राने ठरवायचं.

आणि परवानगीची सोय? ‘तातडीची मंजुरी’ असं वेगळं कलम कायद्यात नाही. पण १९७७ च्या दुरुस्तीने कलम ९ मध्ये एक उपकलम आलं. देशात पहिल्यांदाच येणाऱ्या औषधाला, चौकशी चालू असतानाच, समिती अटी घालून दोन वर्षांसाठी तात्पुरती नोंदणी देऊ शकते. शिवाय नवी कीड आली की, आधीच नोंदलेल्या औषधाचा नव्या किडीवर तात्पुरता वापर करायला समिती मान्यता देते, अशी पद्धत पडली. थोडक्यात, राज्याच्या हातातली बंदी साठ दिवसांची आणि समितीच्या हातातली तात्पुरती परवानगी दोन वर्षांची.

याची गरजच नाही असं कोणी म्हणणार नाही. २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी दिसली आणि बघता बघता ती महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरली. भारतात ही कीडच नवी, त्यामुळे तिच्या नावाने लेबल क्लेम असणार कुठून? पूर्ण चाचण्यांची वाट पाहिली असती तर हंगाम हातचा गेला असता. अशा वेळी तात्पुरती मान्यता हा शेतकऱ्याला मिळालेला खरा आधार असतो.

२०२० च्या मे महिन्यात तर विचित्र योग आला. राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून टोळधाड विदर्भात अमरावती, नागपूरपर्यंत पोचली. टोळांवर फवारणीसाठी ड्रोन वापरायला केंद्राने सशर्त सूट दिली. टोळांविरुद्धचं मुख्य शस्त्र होतं मॅलॅथिऑन. आणि त्याच महिन्यात कृषी मंत्रालयाने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्या यादीतही मॅलॅथिऑन होतं! एक हात बंदीचा कागद लिहीत होता, दुसरा तेच औषध फवारत होता.

आता यवतमाळकडे वळू. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. मरणाऱ्यांत मजूरही होते, स्वतःच्या रानात पंप पाठीवर घेतलेले शेतकरीही. राज्य सरकारने कलम २७ वापरलं आणि यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच औषधांवर साठ दिवसांची बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं. बंदी आली नोव्हेंबरमध्ये, तेव्हा फवारणीचा मुख्य काळ उलटून गेला होता. मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करण्याचा केंद्राचा निर्णय आला सप्टेंबर २०२३ मध्ये. साठ दिवसांच्या बंदीपासून कायमच्या निर्णयापर्यंत सहा वर्षं गेली.

इथे कायद्यातली आणखी एक फट लक्षात घ्या. कलम ३८ नुसार स्वतः कसत असलेल्या जमिनीवर शेतकरी जो वापर करतो, त्याला हा कायदा लागूच होत नाही. हेतू चांगला होता, शेतकऱ्यामागे इन्स्पेक्टर लागू नये. पण त्यामुळे तात्पुरत्या मंजुरीच्या अटी उत्पादक आणि दुकानदार यांच्यापाशी थांबतात. हातमोजे, चष्मा, मास्क डब्यावर छापलेले असतात. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत, ते कोण घालणार आणि घातले नाहीत तर कोण बघणार, याचं उत्तर कायद्यात नाही.

बाहेर काय आहे? युरोपीय संघात तातडीच्या मंजुरीचं स्वतंत्र कलम आहे आणि तिची मुदत १२० दिवस ठरवलेली आहे. तिथेही पळवाट निघाली. मधमाश्यांसाठी घातक म्हणून २०१८ मध्ये उघड्या शेतात बंद केलेली निओनिकोटिनॉइड औषधं काही देश साखरबीटच्या बियाण्यासाठी ‘तातडी’ म्हणून पुन्हा पुन्हा मंजूर करत राहिले. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, अशी बंदी असलेल्या औषधांनी प्रक्रिया केलेल्या बियाण्याला ही सवलत देता येणार नाही. नुसती मुदत लिहून भागत नाही, दर वर्षीची तातडी ही तातडी राहत नाही, हे तिथे दिसून आलं.

आपल्याकडे नवा कायदा करण्यासाठी २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये राज्यसभेत विधेयकं मांडली गेली. त्यावर चर्चा होते तेव्हा बहुतेक वेळ दंड किती आणि परवाना कोणाचा यात जातो. माझ्या मते इतिहास पाहून तीन गोष्टी आधी मागायला हव्यात. तातडीची परवानगी द्यायची तर ती कोणत्या किडीसाठी, कोणत्या जिल्ह्यांत, कोणत्या तारखेपर्यंत, हे शेतकऱ्याच्या भाषेत जाहीर व्हावं. त्या काळात विषबाधेची प्रत्येक नोंद नोंदणी समितीपर्यंत पोचावी. कलम २६ नुसार राज्याला ती मागवता येते, पण सक्ती नाही. आणि बंदीला साठ दिवसांची मुदत असेल, तर बंदी संपण्याआधी केंद्राने लेखी निर्णय देणं बंधनकारक व्हावं.

१९५८ मध्ये पीठ आणि विष एका जहाजात आलं म्हणून कायदा झाला. २०१७ मध्ये विष पाठीवरच्या पंपात होतं आणि कायदा होता. पुढच्या किडीच्या वेळी तात्पुरत्या परवानगीची बातमी आली, की तिची शेवटची तारीख कुठे लिहिली आहे, एवढं विचारा. आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात.