पान कुणीकडं वळलं?

धर्माबाद म्हटलं की लोकांच्या तोंडी आधी मिरची येते. इथून जवळच गोदावरीकाठी बासर. आमच्या बाजारात मराठी आणि तेलुगू दोन्ही चालतात. 1948 पर्यंत दोन्ही काठ निजामाच्या राज्यात होते. 1956 ला राज्यं वेगळी झाली, पण सोयरीक आणि बियाणं नदी ओलांडून येतच राहिलं. त्याच्यासंगं माहितीही यायची. रोप कव्हा टाकायचं, मिरची हलवली की आत बी वाजलं पाहिजे मगच पोतं भरायचं, हे कुणी पुस्तकात वाचलं नव्हतं. बांधावर उभं राहून सांगितलेलं होतं.

पुढं संकरित बी आलं, फवारे आले, आणि म्हाताऱ्यांची माहिती तोकडी पडू लागली. 1972 ला परभणीला कृषी विद्यापीठ झालं. दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागायचं. पण अर्ध्या एकरात मिरची-वांगी लावणाऱ्या माणसाला परभणी लांब पडायची आणि दुकान जवळ. दुकानात प्रश्न विचारला की उत्तर बाटलीतच मिळतं.

आता बोकड्याचंच घ्या. मिरचीचं पान आकसलं की आम्ही सगळ्याला एकच नाव देतो. पण पानाच्या कडा वर वळल्या तर बहुतेक फुलकिडे असतात. खाली वळल्या, देठ लांबला, तर कोळी. आणि झाड खुजं होऊन पानं बारीक, गुच्छासारखी झाली तर विषाणू. तो पांढरी माशी पसरवते आणि त्याला औषधच नाही, ते झाड उपटूनच टाकावं लागतं. फुलकिड्याचं औषध कोळ्यावर चालेलच असं नाही. काही औषधांनी तर कोळी वाढतो. म्हणजे पान न बघता फवारणी केली की पैसाही जातो आणि पीकही.

बघायचं कसं हे शेतकऱ्यांनीच एकमेकांना शिकवायचं, ही गोष्ट आपल्या राज्यात एका माणसानं मोठ्या प्रमाणावर करून दाखवली. कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोळकर. मूळचे गणिताचे शिक्षक. साठच्या दशकात त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. ज्यानं त्यानं आपल्या रानात प्रयोग करायचा, नोंद ठेवायची आणि जे दिसलं ते दुसऱ्याला कळवायचं. तासगावसारख्या दुष्काळी भागात द्राक्ष पिकली, त्यात अशा देवाणघेवाणीचा मोठा वाटा आहे. त्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळा वेल हेरला आणि त्यातून 'तास-ए-गणेश' वाण झाला. हेरणारा डोळा शेतकऱ्याचा होता.

द्राक्षवाल्यांचा संघ झाला, मासिक निघालं. माळवं आणि मिरची करणारा मात्र एकटाच राहिला. 2021 ला आंध्र-तेलंगणात मिरचीवर नवा काळा फुलकिडा पडला. तो फुलात लपतो, फूल गळतं. लोकांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या, कर्ज वाढलं, मित्रकिडे मेले, किडा काही हटला नाही. फूल तळहातावर झटकून बघा, निळे चिकट सापळे लावा, नत्र जास्त देऊ नका, हा सल्ला फुकटचा होता. तो वेळेवर बांधावर पोचायला पाहिजे होता.

आता हातात मोबाईल आहे, फोटो काढून दुकानदाराला पाठवतात. पाठवा. पण त्याआधी पान उलटून बघा, आणि काय दिसलं ते शेजारच्या रानवाल्याला सांगा. त्याच्या रानातला किडा उद्या तुमच्याच रानात येणार असतो.