मॅक्रोस्टोमम लिग्नानो

इटलीतील लिग्नानोजवळच्या एड्रियाटिक किनाऱ्यावर वाळूच्या कणांमध्ये राहणारा, जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा पारदर्शक, उभयलिंगी चपटा कृमी. ही जात 2005 मध्ये लाडुर्नर, शेरर, साल्वेनमोजर आणि रीगर यांनी वर्णिली. एवढ्या मऊ प्राण्याची ओळख जिवंतपणीच नोंदवली पाहिजे, हे तिच्या वर्णनातून पटते. परिरक्षणात शरीर आकसते, त्याचा आकार बदलतो. उलट काचपट्टीवर हलके दाबलेल्या जिवंत कृमीत कठीण नर-जननावयव आणि शुक्राणूंवरचे दोन ताठ केस स्पष्ट दिसतात. म्हणूनच वर्णनकर्त्यांनी अंकीय सूक्ष्मचित्रणावर भर दिला.

चित्र म्हणजे नमुना नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. प्राणिनामकरण संहितेनुसार नव्या जातीसाठी नामधारक नमुना निश्चित करावाच लागतो, आणि तो संग्रहालयात असला तरच पुढचा अभ्यासक शंका तपासू शकतो. चित्रे या नमुन्याची जागा घेत नाहीत. नमुन्यात हरवलेले तेवढे राखतात. मग केवळ डीएनए पुरेसा का नाही? 2020 मध्ये वर्णिलेली मॅक्रोस्टोमम जॅनिकेई ही अगदी जवळची जात. प्रयोगशाळेत दोघींचा संकर होतो आणि संततीही प्रजननक्षम निघते. अशा वेळी जातींची सीमा एकाच पुराव्यावर आखणे धाडसाचे ठरते; अवयवांची रचना आणि जनुकक्रम शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो.