जेट बोटीच्या प्रणोदनातील क्रमिक घट

जेट बोटीच्या प्रणोदनातील क्रमिक घट म्हणजे जलझोतावर चालणाऱ्या नौकेचा वेग आणि तिला पुढे ढकलणारा जोर काही आठवड्यांच्या किंवा हंगामांच्या काळात थोडाथोडा कमी होत जाणे. ही घट एकाएकी होत नसल्याने चालक नकळत तिच्याशी जुळवून घेतो आणि पुष्कळदा ती उशिरा लक्षात येते. जेट बोटीला स्वतंत्र सुकाणू नसते. मागे फेकल्या जाणाऱ्या झोताची दिशा बदलूनच ती वळवली जाते. त्यामुळे झोत क्षीण झाला की वेगासोबत वळण्याची क्षमताही कमी होते. खडकाळ आणि वेगवान प्रवाहात ही बाब प्रवाशांच्या जिवाशी निगडित ठरते. इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे आणि नौकेचा वेग यांचा परस्परसंबंध हा निदानाचा मुख्य आधार आहे.

पार्श्वभूमी

आधुनिक जेट बोटीचा विकास न्यूझीलंडमधील शेतकरी आणि यंत्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी केला. दक्षिण बेटावरील मॅकेन्झी खोऱ्यातील आयरिशमन क्रीक येथे त्यांचे मेंढपाळीचे कुरण व कार्यशाळा होती. तेथील नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या आणि अनेक धारांत विभागलेल्या असल्याने पाण्याखाली फिरणारा पंखा त्यांत टिकत नसे. १९५४ मध्ये हॅमिल्टन यांनी जलझोतावर चालणारी नौका तयार केली. झोताची तोटी पाण्याच्या पातळीच्या वर आणल्यावर तिची कामगिरी सुधारली. १९६० मध्ये त्यांच्या नौका कोलोराडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९७७ मध्ये एडमंड हिलरी यांच्या मोहिमेने जेट बोटींतून बंगालच्या उपसागरापासून गंगेच्या उगमाच्या दिशेने प्रवास केला. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने हा जलप्रवास थांबला.

उथळ आणि गोट्यांच्या पात्रात चालता येणे हे जेट बोटीचे वैशिष्ट्य आहे. मात्र अशाच पात्रातील वाळू व खडे पंपात शिरतात आणि त्याची झीज करतात.

रचना आणि कार्य

नौकेच्या तळाशी जाळी बसवलेले आदानमुख असते. त्यातून पाणी आत येते. इंजिनाने फिरवलेला इंपेलर त्या पाण्याला गती व दाब देतो. पुढील स्थिर पाती पाण्याचा पीळ काढून प्रवाह सरळ करतात आणि निमुळत्या तोटीतून तो वेगाने मागे फेकला जातो. इंपेलरभोवती वेअर रिंग नावाचे कडे असते. स्वतः झिजून मुख्य कवचाचे रक्षण करणे हे त्याचे काम असते. इंपेलरच्या पात्यांची टोके आणि हे कडे यांतील फट लहान नौकांत मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच ठेवलेली असते.

नौकेला मिळणारा जोर दोन गोष्टींवर अवलंबून असतो : दर सेकंदाला मागे जाणाऱ्या पाण्याचे वस्तुमान, आणि झोताचा वेग व नौकेचा वेग यांतील फरक. यांपैकी काहीही कमी झाले की जोर घटतो.

निदान

आधारनोंद

नौका नवी असताना किंवा पूर्ण दुरुस्तीनंतर घेतलेली नोंद नसेल तर घट किती झाली हे ठरवता येत नाही. चाचणी शक्यतो स्थिर पाण्यात, ठरावीक इंधन व वजन ठेवून घेतली जाते. थ्रॉटल पूर्ण उघडून फेरे आणि जीपीएसवरील वेग नोंदवला जातो. वारा व प्रवाह यांचा परिणाम वगळण्यासाठी दोन्ही दिशांना फेरी मारून सरासरी काढतात. हवामान व उंचीची नोंदही आवश्यक असते, कारण टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला साधारण ३ टक्क्यांनी घटते.

फेरे वाढले, वेग घटला

इंजिन सहज फिरते, पण पंपाची पाण्यावर पकड राहत नाही. झिजलेली वेअर रिंग, बोथट किंवा खाचा पडलेली इंपेलरची पाती, जाळीत अडकलेले शेवाळ, दोरी वा प्लास्टिक ही याची नेहमीची कारणे होत. पंपात हवा शिरल्यासही असेच घडते. शाफ्टचे सील, तपासणी-झाकणाचे गॅस्केट किंवा आदानमुखापुढील तळाची हानी यांतून हवा येऊ शकते. वेग घेताना फेरे अचानक उसळत असतील तर हवा शिरल्याचा किंवा कॅव्हिटेशनचा संशय घ्यावा लागतो. कॅव्हिटेशनमध्ये दाब उतरल्याने पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात. ते पात्यांवर फुटतात आणि धातूवर बारीक खड्डे पाडतात.

फेरे घटले, वेगही घटला

येथे प्रथम इंजिनाकडे पाहिले जाते. हवेचा वा इंधनाचा तुंबलेला फिल्टर, जुने स्पार्क प्लग आणि उतरलेले कॉम्प्रेशन ही संभाव्य कारणे आहेत. शाफ्टचे बेअरिंग जाम होत असले किंवा शाफ्टवर दोरी गुंडाळली गेली असली तरी फेरे उतरतात. पंप घेत असलेली शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे ४,००० ऐवजी ३,८०० फेरे मिळू लागले तर फेऱ्यांतील घट ५ टक्के असली तरी शक्तीतील घट सुमारे १४ टक्के असते. इंजिन उघडण्यापूर्वी टॅकोमीटर अचूक असल्याची खात्री करून घेतली जाते.

फेरे तेवढेच, वेग घटला

पंख्याच्या नौकेत वजन वाढले की फेरे उतरतात. जेट बोटीत पंपावरील भार नौकेच्या वेगानुसार फारसा बदलत नसल्याने फेरे जवळजवळ तेवढेच राहतात. म्हणून असा दोष पंपाबाहेर शोधला जातो : तळावर चढलेले शेवाळ, तळाच्या पोकळीत साचलेले पाणी, पाणी प्यालेला फोम, वाढलेले सामान. ट्रेलरसह नौका वजनकाट्यावर नेल्यास वजनाचा प्रश्न निकाली निघतो. उलट झोतासाठीची बादली पूर्ण वर न उचलली जाता झोताच्या वाटेत येत असल्यासही हेच लक्षण दिसते.

परस्परांना झाकणारे दोष

झिजलेल्या पंपामुळे फेरे चढतात, तर थकलेल्या इंजिनामुळे ते उतरतात. दोन्ही दोष एकाच वेळी असतील तर फेरे नेहमीइतकेच दिसतात आणि दोष नौकेच्या तळात असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. क्रमिक घटीत इंजिन आणि पंप बरोबरच जुने होत असल्याने ही शक्यता दुर्लक्षिता येत नाही. म्हणून फेरे ठीक असले तरी पंपातील फट प्रत्यक्ष मोजणे आवश्यक ठरते.

प्रत्यक्ष तपासणी

आदानमुखाची जाळी आणि तोटी यांपासून तपासणीला सुरुवात होते. स्थिर पात्यांत अडकलेला एखादा गोटाही प्रवाह रोखून थरथर निर्माण करू शकतो. त्यानंतर फीलर गेजने प्रत्येक पात्याचे टोक आणि वेअर रिंग यांतील फट परिघावर अनेक ठिकाणी मोजतात. फट एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर दोष शाफ्ट किंवा बेअरिंगमध्ये असण्याची शक्यता असते. नौका पाण्यात उभी असताना सीलमधून पाणी आत झिरपत असेल तर चालताना तेथूनच हवा आत ओढली जाण्याची शक्यता असते. खाऱ्या पाण्यातील नौकांत गंज रोखणारे झिंकचे तुकडे शिल्लक आहेत की नाहीत, हेही पाहिले जाते.

दुरुस्ती आणि प्रतिबंध

पात्यांच्या पुढील कडांवरील लहान खाचा कानशीने घासून मूळ आकार राखता येतो. अधिक झीज झाल्यास वेल्डिंगने भर घालून इंपेलर पुन्हा घडवतात किंवा तो बदलतात. फट निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेबाहेर गेल्यास वेअर रिंग बदलली जाते. एका वेळी एकच दुरुस्ती करून पुन्हा चाचणी घेतल्यास कोणत्या दोषाचा वाटा किती होता हे समजते. उथळ, वाळूच्या जागी उभ्या नौकेचे इंजिन जोरात न फिरवल्यास झीज बरीच कमी होते, कारण थांबलेल्या नौकेचा पंप तळचे खडे सरळ वर ओढतो.

सुरक्षितता

आदानमुखात किंवा तपासणी-झाकणातून हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढून घेणे अनिवार्य मानले जाते. इंजिन चालू असताना मोकळे केस, सैल कपडे व दोर आदानमुखापासून दूर ठेवले जातात. न्यूझीलंडमध्ये नद्यांवरील व्यावसायिक जेट बोटींसाठी सागरी नियमांचा स्वतंत्र भाग, भाग ८२, लागू आहे.

हे सुद्धा पहा

जेट बोट
विल्यम हॅमिल्टन
कॅव्हिटेशन
केंद्रोत्सारी पंप