वधस्तंभ : एका ख्रिस्ती चिन्हाचा मराठी अन्वय

१

ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेल्या चिन्हासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत : ‘क्रूस’ आणि ‘वधस्तंभ’. कोशात ते एकमेकांचे पर्याय म्हणून येतात. भाषेच्या इतिहासात मात्र ते दोन निरनिराळ्या वाटांनी आले आहेत आणि त्यांनी सोबत आणलेली अर्थवलयेही भिन्न आहेत. ‘क्रूस’ हा पोर्तुगीज संपर्कातून आलेला शब्द. गोव्याच्या कोंकणीतील ‘खुरीस’ त्याचाच सख्खा भाऊ. तो वस्तूच्या आकाराचे नाव आहे. ‘वधस्तंभ’ हा बायबलच्या मराठी भाषांतरात रुजलेला संस्कृत समास. त्याला आकाराशी कर्तव्य नाही. त्या खांबावर काय घडते एवढेच तो सांगतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा प्राथमिक अर्थ उभा खांब असाच असल्याने भाषांतरकारांची ही निवड शब्दार्थालाही धरून आहे. एका शब्दात पूजनीय चिन्ह डोळ्यांसमोर उभे राहते, तर दुसऱ्यात देहदंडाचे साधन. क्रूसाचा मराठीतील अर्थ शोधायचा तर या दोन शब्दांमधील अंतर प्रथम ध्यानात घ्यावे लागते.

हे अंतर केवळ भाषिक नाही. रोमन साम्राज्यात क्रुसावरील मरण ही मुख्यत्वे गुलाम, बंडखोर आणि नागरिकत्वाचे संरक्षण नसलेल्या माणसांसाठी राखलेली शिक्षा होती. शक्य तितके हळू, शक्य तितक्या उघड्यावर आणि शक्य तितक्या लाजिरवाण्या रीतीने मारणे हा तिचा हेतू होता. म्हणूनच पौलाला करिंथकरांस लिहिताना हे मान्य करावे लागले की क्रुसाची गोष्ट यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटते. ख्रिस्ती कलेनेही आरंभीच्या शतकांत क्रुसावरील ख्रिस्ताचे चित्रण बहुधा टाळले. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या आश्रयानंतर ज्या साम्राज्याने हा खांब उभारला होता त्याच साम्राज्याच्या ध्वजावर त्याचे चिन्ह चढले. तेव्हापासून क्रूस लज्जेचे चिन्ह की सत्तेचे, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेला कायमचा चिकटला आहे.

२

महाराष्ट्राच्या पश्चिम किनाऱ्यावर हा प्रश्न फार तीव्र रूपात उभा राहिला. सोळाव्या शतकात क्रूस आला तो पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरून, किल्ल्यांच्या तटांवरून आणि चर्चच्या शिखरांवरून. लोकांनी तो आधी पाहिला. त्याची कथा नंतर ऐकली. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ सुमारे अकरा हजार ओव्यांचा आहे. जो क्रूस सत्तेचे निशाण म्हणून परिचित झाला होता त्याला स्टीफन्सने ओवीच्या, म्हणजे श्रवणाच्या, परंपरेत आणले. पाहिलेल्या चिन्हाला ऐकण्याजोगी कथा दिली. भाषा देशी, छंद देशी, निवेदनाची धाटणी पुराणिकाची. परंतु ज्या राजवटीत हे पुराण वाचले गेले तिच्यापासून त्याचा श्रोता मोकळा नव्हता. ‘ख्रिस्तपुराणा’चे वाङ्मयीन यश आणि त्याची ऐतिहासिक अडचण यांचा विचार म्हणूनच एकत्र करावा लागतो.

पूर्व विदर्भात याच्या उलट क्रम घडला. नागपुरास स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ च्या सुमारास सुरू केलेले कार्य स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते. पुढे या मिशनचे केंद्र भंडाऱ्यासही झाले. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरा मूर्ती व प्रतिमा यांविषयी साशंक. तिच्या उपासनागृहातील मुख्य वस्तू म्हणजे व्यासपीठ आणि त्यावरचा ग्रंथ. त्यामुळे वैनगंगेच्या खोऱ्यात क्रूस प्रथम आला तो लाकडाचा वा दगडाचा नव्हे, तर शब्दाचा. तो पाहण्याआधी वाचला गेला, आणि वाचला गेला तो ‘वधस्तंभ’ या नावाने. दर्शनाऐवजी पठणातून होणारा हा परिचय वेगळ्या प्रकारचे प्रश्न निर्माण करतो. पाहणारा नमस्कार करील किंवा पाठ फिरवील. वाचणारा मात्र ‘कोणाचा वध? कोणी केला? कशासाठी?’ असे विचारतो.

३

मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध प्रसंग याच भूमीतून जातो. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. निरोप घेताना त्याने त्यांना नवा करार वाचण्यास दिला आणि ते दोन वर्षांत ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. बंगाल-नागपूर रेल्वेचा हा मार्ग भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, आमगाव अशी स्थानके घेत तत्कालीन भंडारा जिल्हा आरपार ओलांडतो. (गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला.) चरित्रकारांचे लक्ष सहसा सहप्रवाशाच्या भाकितावर खिळते. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे वाचन. टिळकांच्या मनाची पकड घेतली ती मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने, वधस्तंभाच्या वर्णनाने नव्हे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कवी टिळक ख्रिस्ताकडे वळले ते त्याच्या वाणीने. त्याच्या मरणाचा अर्थ त्यांना पुढे आयुष्यभर लावावा लागला.

हा अर्थ लावणे सोपे नव्हते. मिशनरी प्रवचनात क्रुसाचा प्रचलित उलगडा ‘प्रायश्चित्त’ या शब्दाने होई : मनुष्याच्या पापाचे प्रायश्चित्त ख्रिस्ताने आपल्या मरणाने केले. धर्मशास्त्रात मुरलेल्या मराठी मनाला येथेच ठेच लागते. प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. एकाच्या पातकासाठी दुसऱ्याने कृच्छ्र करावे ही कल्पना कर्मविपाकाच्या चौकटीत बसत नाही. शिवाय निरपराध माणसाला दिलेल्या देहदंडाची कथा या भूमीला अपरिचित नव्हती. महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्य ऋषीला चोरांचा साथीदार समजून राजा सुळावर चढवतो. मांडव्य मरत नाही. तो यमधर्माला जाब विचारतो. बालपणी कीटकांना गवताची काडी टोचल्याचे हे फळ, असे उत्तर येते. एवढ्या लहान अपराधाला एवढा दंड कसा, म्हणून मांडव्य धर्मालाच शाप देतो, आणि यमधर्म विदुराच्या रूपाने शूद्रयोनीत जन्म घेतो.

ही कथा क्रुसाच्या कथेशेजारी ठेवली म्हणजे दोहोंतील साम्यापेक्षा भेद अधिक बोलका ठरतो. मांडव्याच्या वेदनेला, ती कितीही अन्याय्य असली तरी, पूर्वकर्माचा कुठला तरी हिशेब शोधावा लागतो. त्या हिशेबाविरुद्ध त्याचे बंड आहे. शुभवर्तमानात असा हिशेब शोधलाच जात नाही. दंड भोगणारा निर्दोष आहे असे न्यायाधीश पिलातच सांगतो, आणि दंड भोगणारा शाप देण्याऐवजी क्षमा मागतो. मांडव्य सुळावरून धर्मसत्तेचा न्याय तपासतो. ख्रिस्त वधस्तंभावरून न्यायाच्या पलीकडे जाऊ पाहतो. मराठी वाचकाला वधस्तंभ परका वाटतो तो निर्दोषाच्या वेदनेमुळे नव्हे. त्या वेदनेचा कर्माशी असलेला संबंध तोडला जातो, हे त्याला नवे असते.

टिळकांनी ही अडचण तर्काने सोडवली नाही. त्यांनी भाषेचे नातेच बदलले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या अभंगांत व भजनांत ख्रिस्त न्यायसभेत दंड भरणाऱ्या जामिनाच्या रूपात क्वचितच येतो. तो येतो माता म्हणून, गुरू म्हणून, सखा म्हणून. वारकरी परंपरेत देव भक्ताबरोबर दळतो, कांडतो, ओझी वाहतो. भक्ताचे कष्ट देवाने अंगावर घ्यावेत यात तेथे न्यायाचा भंग होत नाही. ती प्रेमाची रीतच आहे. या भावविश्वात आणल्यावर वधस्तंभाचा अर्थ ‘दुसऱ्याच्या पापाची भरपाई’ इतका मर्यादित राहत नाही. लेकराचे दुखणे आईने सोसावे, या जातीचा तो होतो. ‘प्रायश्चित्त’ या संज्ञेने जे साधले नव्हते ते ‘माउली’च्या नात्याने साधले.

४

परंतु प्रेमाने स्वीकारलेल्या वेदनेची गोष्ट सांगणे आणि ती जगणे यांत अंतर असते, आणि टिळकांच्या घरात ते अंतर दुसऱ्याच व्यक्तीला चालावे लागले. टिळकांच्या धर्मांतराबरोबर लक्ष्मीबाई पतीपासून तुटल्या. काही वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने, लोकांच्या नजरा झेलत राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, त्यानंतर जातिभेद त्यांनी स्वतःच्या विचाराने टाकला, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा सारा काळ आला आहे. विशेष हा की वेदनेचे इतके सविस्तर कथन करणारे हे पुस्तक वेदनेचे तत्त्वज्ञान मांडत नाही. निवेदिका स्वतःकडे हसून पाहते, पतीच्या विक्षिप्तपणाकडे हसून पाहते, आणि आपण काही मोठे सोसले असा आव कोठेही आणत नाही. येथे क्रूस वर्ण्य विषय न राहता निवेदनाचा स्वभाव बनतो. सोसण्याला गौरव न देता ते सांगणे आणि ज्याच्यामुळे सोसावे लागले त्याच्याविषयी कडवटपणा न ठेवणे, ही ख्रिस्ती जीवनदृष्टीची मराठीतील अत्यंत अकृत्रिम अभिव्यक्ती होय.

याला एक वाङ्मयीन योगायोगही जोड देतो. टिळकांनी योजिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून सुमारे दहाच अध्यायांपर्यंत गेले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. उरलेला, आकाराने कितीतरी मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ख्रिस्तचरित्राच्या क्रमात जन्मकथा आरंभी आणि वधस्तंभ अखेरीस येतो. म्हणजे बाळ येशूचे आगमन टिळकांच्या वाट्याला आले आणि त्याचे मरण लक्ष्मीबाईंच्या. औपचारिक शालेय शिक्षण न लाभलेल्या, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या या स्त्रीने मराठीतील ख्रिस्ती महाकाव्य वधस्तंभापर्यंत नेले, ही घटना मराठी साहित्येतिहासात जितकी नोंदली जावयास हवी तितकी नोंदली गेलेली नाही.

५

टिळकांची गाडी ज्या जिल्ह्यातून गेली तेथे सहा दशकांनी क्रुसाच्या या अर्थाला छेद देणारी एक दृष्टी उपस्थित होती, जरी त्या वेळी तिचा विषय क्रूस नव्हता. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातील राखीव जागेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, शेजारच्या नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ख्रिस्ती धर्माचा पर्याय त्यांनी विचारात घेतला नव्हता असे नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८९ मध्ये, प्रकाशित झालेल्या लेखनात भारतीय ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीची कठोर चिकित्सा आढळते. तिचा गाभा असा की अस्पृश्याची अवनती भोवतालच्या समाजरचनेमुळे झाली असताना मिशनरी शिकवण तिचे कारण आद्य पापात दाखवते, आणि त्यामुळे परिस्थितीवर प्रहार करण्याची त्याची शक्ती वाढण्याऐवजी क्षीण होते.

हा आक्षेप क्रुसाच्या अर्थाला थेट भिडतो. ‘आपला वधस्तंभ उचला’ हा उपदेश ज्याच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच ओझे लादले आहे त्याला केला, तर तो अन्याय मुकाट सोसण्याचा उपदेश ठरतो. टिळकांनी वधस्तंभाला दिलेला प्रेमाचा अर्थ उच्चवर्णीय त्यागी माणसाला शोभतो. गावकीची वेठ वाहणाऱ्याला तो पुरेसा आहे काय, असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शुभवर्तमानाच्या कथेतच शोधावे लागते, आणि तेथे एका दुय्यम पात्राकडे लक्ष जाते. वधस्थळाकडे जाताना रोमन शिपाई कुरेनेच्या शिमोनाला रस्त्यात पकडून ख्रिस्ताचा वधस्तंभ वाहण्यास भाग पाडतात. या सक्तीसाठी मराठीत ‘वेठ’ हाच नेमका शब्द आहे. म्हणजे वधस्तंभाच्या कथेत दोन प्रकारची ओझी आहेत : एकाने स्वीकारलेले आणि दुसऱ्यावर लादलेले. ख्रिस्ताचा स्वीकारही निष्क्रिय नाही. जकातदारांच्या पंक्तीला बसणे, मंदिरातील सराफांचे चौरंग उलथणे, शब्बाथ माणसासाठी आहे असे म्हणणे, या आचरणाची किंमत म्हणून सत्ता आणि पुरोहितवर्ग यांनी मिळून तो खांब उभा केला. ज्याने हे आचरण केले त्याचा वधस्तंभ आणि ज्याला वाटेत धरून आणले त्याची वेठ यांना एकच नाव देणे हा कथेचाच विपर्यास होय. प्रचारकी वाङ्मयात ही गल्लत अनेकदा झाली, म्हणूनच आंबेडकरांचा आक्षेप आजही निरुत्तर होत नाही.

मराठीतील दोन शब्दांचे महत्त्व येथे पुन्हा जाणवते. ‘क्रूस’ गळ्यात घालता येतो, शिखरावर चढवता येतो. त्याचा अलंकार होऊ शकतो. ‘वधस्तंभ’ हा शब्द अलंकार होण्यास नकार देतो. त्याच्या पोटातील ‘वध’ कोणी तरी कोणाला तरी मारले हे विसरू देत नाही. पूर्व विदर्भात ख्रिस्ती धर्म पुस्तकाच्या वाटेने आल्यामुळे तेथील श्रद्धेला हा कठोर शब्द वारशाने मिळाला. टिळकांनी त्याला मायेचा अर्थ दिला, लक्ष्मीबाईंनी तो आयुष्यात मुरवला, आणि वेठ व त्याग यांत भेद करण्याची जबाबदारी आंबेडकरांच्या चिकित्सेने त्याच्यावर टाकली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासाने या तिन्ही अर्थांना एकत्र सामोरे जाणे अगत्याचे आहे; त्यांपैकी एकालाच अंतिम मानले तर वधस्तंभ पुन्हा केवळ एक आकार होऊन राहील.