खळ्यावरचा वाटा

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. आम्हाला सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली. तिची भाकरी घशाखाली उतरत नव्हती, पण तिनंच जगवलं, हे विसरून चालणार नाही.

त्याआधी गावाचं खाणं गावातच पिकायचं. खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, कुंभार आपापलं बलुतं न्यायचे. आजी त्या दिवसांचे गोडवे गायची. पण गावकुसाबाहेरचा म्हातारा लांब उभा राहून शेवटी मातेरं न्यायचा, हेही मी पाह्यलंय. हक्काचंच होतं ते, पण मिळायचं भिकेसारखं.

पुढं हायब्रीड आली. उतारा चांगला, भाकरी बेचव. मग पाणी आलं, ऊस आला आणि मीही ज्वारी मोडली. बायकोला साखर निघाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ज्वारीची भाकरी खा." शेतकऱ्याच्या घरात ज्वारीचं एक पोतं नव्हतं! ती लाज अजून गेली नाही.

आता एकरभर मालदांडी पेरतो. तालुक्याच्या गावातली अकरा घरं पेरणीआधीच निम्मे पैसे देतात आणि वर्षाची ज्वारी नेतात. एक साल अवकाळीनं पीक लोळलं, रास निम्मीच पडली. कुणी पैसे परत मागितले नाहीत. होतं तेवढं सगळ्यांनी सारखं वाटून घेतलं.

त्या दिवशी काढणीला आलेल्या बायांचा वाटा मी आधी मोजला.